विज्ञानाचे शिक्षण आणि संशोधनातील सचोटी

विज्ञानाच्या पदवी वर्गातील विद्यार्थी साध्या दोलकाच्या साहाय्याने गुरुत्वत्वरण काढतो. उत्तर ९८० च्या आसपास यावयास हवे, हे त्याला पुस्तकावरून अगोदरच ठाऊक असते. प्रत्यक्षात ते ९६० आले, तर त्याच्यापुढे दोन मार्ग असतात. एक म्हणजे चूक शोधणे. दोऱ्याची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत न मोजता केवळ कडीपर्यंतच मोजली गेली असेल, तर उत्तर असे कमी येते. दुसरा मार्ग म्हणजे उत्तरावरून उलट गणित करून दोलनकालाचे सोईस्कर आकडे जर्नलमध्ये भरणे. पहिल्या मार्गाने विद्यार्थी विज्ञान शिकतो. दुसऱ्याने तो बनावट निरीक्षणे लिहिण्यास शिकतो. जेथे गुण केवळ उत्तरालाच मिळतात, तेथे दुसऱ्या मार्गालाच उत्तेजन मिळते.

एक बोधप्रद प्रकरण

ही सवय कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरण आपल्याच देशात घडले आहे. चंडीगड येथील पंजाब विद्यापीठातील भूवैज्ञानिक विश्वजित गुप्ता यांनी वीस वर्षांहून अधिक काळ हिमालयातील जीवाश्मांविषयी शेकडो निबंध प्रसिद्ध केले. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ जॉन टॅलेंट यांनी १९८९ साली ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की, हिमालयातील म्हणून सांगितलेले काही जीवाश्म मोरोक्कोसारख्या दूरच्या प्रदेशांतील जीवाश्मांशी तंतोतंत जुळणारे होते. या निबंधांना देशोदेशींच्या अनेक सहलेखकांची नावे जोडलेली होती. जीवाश्म सापडल्याचे ठिकाण त्यांपैकी अनेकांनी स्वतः पाहिलेले नव्हते. त्यांनी केवळ विश्वास ठेवला होता. निबंधावर नाव घालणे म्हणजे त्यातील मजकुराची जबाबदारी घेणे होय, हा या प्रकरणाचा मुख्य धडा आहे.

नियम आणि अभ्यासक्रम

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्यास आळा घालणारे विनियम केले. त्यांनुसार प्रबंधातील १० टक्क्यांपर्यंतच्या साम्यास शिक्षा नाही. त्यापुढे प्रमाणानुसार कारवाई वाढत जाते, आणि साम्य ६० टक्क्यांहून अधिक आढळल्यास विद्यार्थ्याची नोंदणी रद्द होते. पुढे २०१९ मध्ये आयोगाने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांसाठी संशोधन व प्रकाशन नीतिशास्त्राचा ३० तासांचा, दोन श्रेयांकांचा अभ्यासक्रम अनिवार्य केला.

हे पाऊल स्वागतार्ह आहे. तथापि, पीएच.डी.पर्यंत पोहोचणारे विद्यार्थी थोडे; आणि तोवर जर्नल लिहिण्याची सवय पक्की झालेली असते. म्हणून या शिक्षणाचा आरंभ पदवीच्या पहिल्या वर्षीच, प्रयोगशाळेत व्हावयास हवा. निरीक्षणे थेट जर्नलमध्ये शाईने लिहावीत. चुकलेला आकडा खोडून न टाकता त्यावर एक रेघ मारून शेजारी कारण नोंदवावे. परीक्षकाने उत्तराइतकेच महत्त्व चुकीच्या मीमांसेस द्यावे. यास वेगळा निधी लागत नाही.

गावाशी असलेला संबंध

हा प्रश्न केवळ विद्यापीठांचा नाही. ग्रामपंचायत विहिरीच्या पाण्याचा नमुना प्रयोगशाळेकडे पाठविते, तेव्हा आलेला आकडा तिला स्वतः पडताळता येत नाही. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात, दुसरा स्रोत उपलब्ध नसला तरीही, फ्लोराइडचे प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. १.८ च्या जागी १.४ लिहिण्यास क्षणही लागत नाही; परंतु तेच पाणी वर्षानुवर्षे पिणाऱ्या मुलांच्या दातांवर व हाडांवर त्याचा परिणाम होतो. अहवालावर सही करणारा तंत्रज्ञ हा कालचा विद्यार्थीच असतो.

गावात आरोग्यविषयक पाहणीसाठी संशोधक येतात, तेव्हाही पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी काही गोष्टी ध्यानात ठेवणे इष्ट आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा संशोधनास नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. रक्ताचा नमुना घेण्यापूर्वी त्याचा हेतू त्या व्यक्तीस तिला समजेल अशा भाषेत सांगावा लागतो, आणि केव्हाही माघार घेण्याचा तिला अधिकार असतो. सरपंचांनी वा मुख्याध्यापकांनी दिलेली परवानगी ही व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही. मान्यतेचे पत्र दाखविण्यास सांगणे हा संशोधकावरील अविश्वास नव्हे. ते आपले कर्तव्यच आहे.

विज्ञानावर समाज विश्वास टाकतो, तो प्रत्येक आकडा स्वतः मोजून नव्हे, तर मोजणारा प्रामाणिक आहे या भरवशावर. तो भरवसा घडविण्याचे काम संशोधन संस्थेत सुरू होत नाही. ते महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, पहिल्या जर्नलच्या पहिल्या पानावर सुरू होते.