बफरमधला डीसी ऑफसेट: दोष बेसचा की एमिटरचा?

बफर व्होल्टेज वाढवत नाही, मग त्यात ऑफसेट कुठून येणार, असं पुष्कळांना वाटतं. पण साध्या एनपीएन एमिटर फॉलोअरमध्ये एमिटर बेसपेक्षा सुमारे ०.६५ व्होल्टने खाली असतो. पुढचा टप्पा दहापट वर्धनाचा आणि थेट जोडलेला असेल, तर एवढ्यानेच त्याचं आउटपुट साडेसहा व्होल्टने सरकेल.

याहून घातक समज म्हणजे सगळा ऑफसेट या ०.६५ व्होल्टचाच असतो. बीसी ५४७ बी घ्या. सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्ट, एमिटरपासून उणे सप्लायपर्यंत १२ किलोओम, बेसपासून ग्राउंडपर्यंत १०० किलोओम. एमिटरमधून साधारण ०.९ मिलिअँपिअर वाहतो. एचएफई २०० असेल, तर बेसला साडेचार मायक्रोअँपिअर लागतात. ते १०० किलोओममधून येताना बेसच उणे ०.४५ व्होल्टवर बसतो आणि आउटपुट उणे १.१ वर. म्हणून आधी इनपुट मोकळं ठेवून बेसवरचा व्होल्टेज मोजावा. तो शून्यापासून दूर असेल, तर दोष बेस करंटचा. रेझिस्टर १० किलोओम केला की तो भाग जवळपास दहापट घटतो. फक्त आधीच्या टप्प्याला तेवढा भार पेलायला हवा.

उरलेल्या ०.६५ साठी मागे पीएनपी फॉलोअर जोडतात. उपाय उत्तम आहे, पण त्याने ऑफसेट पूर्ण शून्य होतो हे खरं नाही. सारख्या करंटलाही एनपीएन आणि पीएनपीचे बेस-एमिटर व्होल्टेज दहा-वीस मिलिव्होल्टने सहज वेगळे निघतात. एका ट्रान्झिस्टरचा करंट दुप्पट केला की त्याचा हा व्होल्टेज सुमारे १८ मिलिव्होल्टने वाढतो, त्यामुळे एमिटर रेझिस्टर बदलता (प्रीसेट) ठेवून फरक मिटवता येतो. मात्र प्रत्येक अंश सेल्सिअसमागे बेस-एमिटर व्होल्टेज सुमारे २ मिलिव्होल्टने घटतो. म्हणून दोन्ही ट्रान्झिस्टर एकमेकांना चिकटवावेत आणि प्रीसेट सर्किट चांगलं तापल्यावरच लावावा.

मल्टिमीटरवर एचएफई जुळवून घेतलेली जोडी पुरते, हाही गैरसमज. त्याने बेस करंट जुळतात. डायमंड बफरमध्ये एनपीएन आणि पीएनपीचे बेस इनपुटला एकत्र जोडलेले असतात; तिथे ते एकमेकांना खोडतात, म्हणून फायदा होतो. बेस-एमिटर व्होल्टेज मात्र वेगळा जुळवावा लागतो. मल्टिमीटरच्या डायोड रेंजवर अंदाज येतो, पण ट्रान्झिस्टर बोटांत धरून मोजू नये. बोटांच्या उबेने आकडा खाली सरकतो.

आणि आउटपुटला कपॅसिटर लावण्यात कमीपणा कसला? १० किलोओमच्या भाराला १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर १.६ हर्ट्झपर्यंत साथ देतो. ऑडिओला ते भरपूर झालं. इलेक्ट्रोलिटिक असेल तर दिशा पाहावी: वरच्या सर्किटमध्ये एमिटर ग्राउंडच्या खाली आहे, म्हणून कपॅसिटरचं उणे टोक एमिटरकडे.