तुमचे लेखन कोणासारखे?

घाटकोपरच्या एका शाळेत मी नववीला मराठी शिकवत असतानाची गोष्ट. एका मुलीचा निबंध तपासताना माझा हात थांबला. एरवी लांबलचक, अडखळणारी वाक्ये लिहिणारी ही मुलगी. पण या निबंधातली वाक्ये छोटी, नेमकी आणि मिश्कील होती. मी समासात लाल शाईने लिहिले : हे लिखाण तुझे वाटत नाही. वही परत घेताना ती काहीच बोलली नाही. तिच्या मैत्रिणीकडून नंतर कळले, की मे महिन्याच्या सुट्टीत तिने पुलंची पुस्तके एकामागून एक वाचून काढली होती.

शैलीवरून लेखक ओळखण्याचा प्रयत्न आपण सगळेच शिक्षक करतो. पण तो अंदाजाने. ही शैली मोजता येईल का? आणि मोजली, तर तिच्यावरून निवाडा करता येईल का?

पट्टी कोणती घ्यावी?

मदुराई येथे 1806 साली जन्मलेले गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांनी 1851 मध्ये एका पत्रात अशी कल्पना मांडली, की शब्दांच्या सरासरी लांबीवरून लेखक ओळखता यावा. पुढे अमेरिकन पदार्थवैज्ञानिक मेंडेनहॉल यांनी 1887 मध्ये किती अक्षरांचे शब्द किती वेळा येतात याचे आलेख काढले. शेक्सपिअरची नाटके बेकनने लिहिली असा एक वाद होता. मेंडेनहॉल यांनी 1901 मध्ये दोघांचे आलेख शेजारी ठेवले, तर ते स्पष्टपणे वेगळे! वाद मिटला असे वाटेल. पण शेक्सपिअरचे लेखन मुख्यतः पद्य, तर बेकनचे गद्य. एकाच लेखकाचे गद्य आणि पद्य तपासले तरी त्यांत असाच फरक पडतो, हे 1975 मध्ये विल्यम्स यांनी दाखवून दिले. मोजणी बरोबर होती, तुलना चुकली होती.

मग मोजायचे काय? याचे चांगले उत्तर ‘फेडरलिस्ट’ लेखांच्या अभ्यासातून मिळाले. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या समर्थनार्थ 1787-88 मध्ये 85 लेख एकाच टोपणनावाने निघाले. त्यांपैकी 12 लेख हॅमिल्टनचे की मॅडिसनचे, हा वाद दीर्घकाळ चालला. वाक्यांची लांबी उपयोगी पडेना. दोघांचीही सरासरी साडेचौतीस शब्दांच्या आसपास! मॉस्टेलर आणि वॉलेस या संख्याशास्त्रज्ञांनी 1964 मध्ये वेगळी वाट धरली. त्यांनी भारदस्त शब्द सोडले आणि किरकोळ शब्द मोजले. ‘अपॉन’ हा शब्द हॅमिल्टन हजार शब्दांत सुमारे तीनदा वापरी, मॅडिसन क्वचितच. असे अनेक शब्द एकत्र विचारात घेतल्यावर बाराही लेखांचे पारडे मॅडिसनकडे झुकले.

किरकोळ शब्दच का? ‘निसर्ग’, ‘समुद्र’ हे शब्द विषयाप्रमाणे येतात-जातात. ‘आणि’, ‘पण’, ‘म्हणून’ मात्र कोणत्याही विषयात लागतात आणि लिहिताना त्यांच्याकडे आपले लक्ष नसते. जिथे लक्ष नसते, तिथेच सवय उमटते.

ज्ञानेश्वर एक की दोन?

असा वाद मराठीतही झाला आहे. शिवराम एकनाथ भारदे यांनी ‘भारद्वाज’ या नावाने 1898-99 च्या सुमारास ‘सुधारक’ पत्रात लेख लिहून असे प्रतिपादन केले, की ज्ञानेश्वरी लिहिणारे ज्ञानेश्वर आणि अभंग रचणारे ज्ञानेश्वर या दोन वेगळ्या व्यक्ती होत. भाषेतील फरक हा त्यांचा एक आधार होता. अभंगांची भाषा ज्ञानेश्वरीपेक्षा अर्वाचीन वाटते, हे वाचणाऱ्याला जाणवतेही.

पण फरक आहे म्हणजे लेखक दोन, असे लगेच म्हणता येईल का? ज्ञानेश्वरी हा गीतेवरील सुमारे नऊ हजार ओव्यांचा विवरणग्रंथ; अभंग गाण्यासाठी. शिवाय ज्ञानेश्वरीची प्रत एकनाथांनी शके 1506 (इ. स. 1584) मध्ये शुद्ध केली, तर अभंग वारकऱ्यांच्या मुखी शतकानुशतके फिरत राहिले आणि मुखोद्गत रचनेची भाषा काळाबरोबर बदलते. म्हणजे फरकाला निदान तीन कारणे संभवतात : लेखक वेगळा, रचनाप्रकार वेगळा, किंवा जतन होण्याची रीत वेगळी. शब्द मोजून फरक किती ते कळेल; कशामुळे ते कळणार नाही.

सर्वात जवळचे स्थानक

आता ‘तुम्ही कोणत्या प्रसिद्ध लेखकासारखे लिहिता’ ते सांगणारे संगणकावरचे खेळ पाहू. उतारा दिला की नाव हजर! असा खेळ तुमच्या उताऱ्यातील मोजमापे त्याच्या यादीतील लेखकांशी ताडून पाहतो आणि त्यातल्या त्यात जवळचे नाव सांगतो. समजा, यादीत अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर ही चारच स्थानके आहेत. नागपूरकराने विचारले, ‘यांपैकी मला जवळचे कोणते?’ कल्याणवरून येणाऱ्या गाडीच्या वाटेने उत्तर येईल, मुलुंड. उत्तर खरे आहे. पण म्हणून तो मुलुंडकर ठरत नाही. ‘सर्वात जवळचा’ म्हणजे ‘जवळचा’ नव्हे.

वर्गात करून पाहा

या लेखाचा पहिला परिच्छेद घ्या. त्यात 7 वाक्ये आणि 65 शब्द आहेत. म्हणजे वाक्याची सरासरी लांबी सुमारे 9 शब्द. ‘आणि’ एकदा आला आहे, ‘व’ एकदाही नाही. हजार शब्दांमागे ‘आणि’चे प्रमाण काढले तर येते सुमारे 15. मी आणखी एकच ‘आणि’ लिहिला असता, तर ते झाले असते 30! एवढ्याशा मजकुरावरून सवय ठरवणे किती धोक्याचे, ते मुलांना येथेच दिसेल.

म्हणून प्रत्येक मुलाचे, एकाच प्रकारचे, अनेक निबंध एकत्र करून निदान हजार शब्द जमवा. आणि/व, पण/परंतु, सुद्धा/देखील, म्हणून/त्यामुळे या जोड्या मोजायला द्या. मराठीत एक अडचण येईल : इंग्रजीतील किरकोळ शब्द सुटे असतात, आपल्याकडे ‘बाकावर’मधला ‘वर’ नामाला चिकटतो. तो मोजायचा की नाही, हा नियम आधी ठरवा आणि सर्वांना सारखाच लावा. शेवटी प्रत्येकाचा एक निबंध नाव झाकून बाजूला ठेवा आणि कोष्टकांवरून लेखक ओळखायला सांगा. किती वेळा चूक झाली ते फळ्यावर लिहा. पद्धतीवर किती विश्वास ठेवायचा, ते हा आकडा सांगेल.

त्या मुलीच्या बाबतीत माझ्याजवळ यातले काहीच नव्हते. तिचे आधीचे निबंध मे महिन्यापूर्वीचे होते, आणि नवीन फक्त एक. शैली बदलली हे मी बरोबर हेरले. कारण मात्र स्वतःच ठरवून टाकले. शिकणाऱ्या मुलाची शैली बदलणारच, त्यासाठीच तर आपण त्याला पुस्तके वाचायला सांगतो. मी वर्गासमोर तिची क्षमा मागितली आणि समासातले वाक्य खोडले. लाल शाई मात्र पुरती पुसली गेली नाही.