शेडसाठी जागा हवी आहे

हत्यारं मिळतात. एखाद्या सुतारकाकांच्या घरून रंध्यांची पेटी येते, बंद पडलेल्या शाळेच्या वर्कशॉपमधला लेथ येतो. माणसंही जमतात. ब्रिटनमधल्या नव्या 'मेन्स शेड'चं घोडं अडतं ते जागेपाशी.

ही कल्पना मूळची ऑस्ट्रेलियातली. तिथल्या गूलवा गावात १९९३ मध्ये अशी शेड सुरू झाली. 'मेन्स शेड' या नावाची पहिली शेड जुलै १९९८ मध्ये व्हिक्टोरिया राज्यातल्या टोंगालात उघडली. निवृत्त झालेले, एकटे पडलेले, नोकरी गेलेले पुरुष तिथे येऊन लाकूडकाम करतात, सायकली दुरुस्त करतात, गावातल्या बागेसाठी बाकं बनवतात. घरी कोणी विचारलं तर 'ठीक आहे' म्हणून गप्प बसणारा माणूस शेजाऱ्यासोबत फळी तासताना मोकळा होतो, यावर सगळी चळवळ उभी आहे. ब्रिटनमधल्या शेडची संघटना २०१३ मध्ये स्थापन झाली. आज अनेक शेडमध्ये स्त्रियाही येतात.

जागेचा शोध सुरू झाला की पहिला प्रश्न येतो तो भाडेकरार कोणाच्या नावावर करायचा हा. नुसतं मंडळ असेल तर त्याला कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र अस्तित्व नसतं. सही विश्वस्तांना स्वतःच्या नावाने करावी लागते आणि भाडं थकलं तर जबाबदारीही त्यांच्यावरच येते. सत्तरीच्या माणसाने त्यासाठी राहतं घर पणाला का लावावं? म्हणून इंग्लंडमधल्या बऱ्याच शेड आता धर्मादाय संस्थेचा असा प्रकार निवडतात, की करार संस्थेच्याच नावाने होतो.

मग प्रत्यक्ष जागा बघायला जायचं. शाळेतून आलेली जुनी यंत्रं बहुधा थ्री-फेजवर चालणारी असतात. जागेत थ्री-फेज नसेल तर नव्या जोडणीचा खर्च सगळी शिल्लक खाऊन टाकू शकतो. लाकडाची धूळ हा खेळ नव्हे, तिच्याने नाकाचा कर्करोग होतो हे सिद्ध झालेलं आहे. त्यामुळे यंत्राजवळच धूळ ओढून घेणारी यंत्रणा लागते आणि तिची दर चौदा महिन्यांच्या आत कसून तपासणी करून घ्यावी लागते. इमारत २००० पूर्वीची असेल तर भिंतीला भोक पाडण्याआधी ॲस्बेस्टॉस आहे का, हे पाहावं लागतं. भिंतीपलीकडे कोण राहतं, हेही विचारायला हवं. करवतीचा आवाज शेजाऱ्यांना रोज सोसवत नाही. आणि सगळ्यांत घातक कलम करारात असतं, ते म्हणजे संपूर्ण दुरुस्ती भाडेकरूने करायची. भाडं अगदी नाममात्र आहे म्हणून लोक हुरळून सही करतात आणि गळकं छप्पर पदरात पडतं.

जागामालक धर्मादाय संस्थेला जागा देतो त्यामागे कधी सद्भावना असते, कधी हिशेब. इंग्लंडमध्ये दुकान रिकामं राहिलं तरी साधारणपणे तीन महिन्यांनंतर मालकाला पूर्ण कर भरावा लागतो. नोंदणीकृत धर्मादाय संस्था तिथे आली तर कर तिच्याकडे जातो आणि तिला त्यात ८० टक्के सवलत मिळते. दोघांचाही फायदा होतो, पण चांगला भाडेकरू मिळाला की शेडला उठावं लागतं. स्थानिक कौन्सिलच्या पडून असलेल्या इमारती हा अधिक भक्कम मार्ग आहे. लोकांचं भलं होणार असेल तर इंग्लंडमधल्या कौन्सिलला मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी दरात देता येते. तूट मात्र वीस लाख पौंडांच्या आत हवी. स्कॉटलंडमध्ये २०१५ च्या कायद्याने लोकांच्या संस्थेला अशी इमारत मागण्याचा हक्कच दिला आहे.

तरीही नवी संस्था एका चक्रात सापडते. देणगीदार विचारतो, जागा कुठे आहे? जागामालक विचारतो, पैसे कुठे आहेत, मागच्या वर्षांचे हिशेब कुठे आहेत? माझं मत स्पष्ट आहे: मोठ्या गाळ्याची वाट बघत बसू नये. लंडनच्या कॅम्डेनमधली शेड २०११ मध्ये एका समाजकेंद्रातल्या खोलीत सुरू झाली. घडीची बाकं, हातकरवती आणि चहाची किटली एवढ्यावर आठवड्यातून एक सकाळ भागते. वर्षभर माणसं नियमाने येत राहिली की हिशेबही तयार होतो आणि जागा मागायला चार माणसांचा आवाज मिळतो. शिवाय तोवर सभासदांना नेमकं काय हवंय ते कळलेलं असतं. बहुतेक वेळा लेथच्या आधी चहाची खोली आणि तळमजल्यावरचं स्वच्छतागृह लागतं.

पिंपरी-चिंचवडसारख्या कारखान्यांच्या शहरात फिटर, टर्नर, सुतार म्हणून आयुष्य काढलेली किती माणसं आज घरी बसून असतील! तिथे कोणी अशी शेड काढायचं मनावर घेतलं, तर एक विनंती आहे. गावाबाहेरचा स्वस्त गाळा गाडीतून बघून येऊ नका. सभासदांपैकी सर्वांत वयस्कर माणसाला सोबत घ्या, सकाळी दहाच्या बसने जा, आणि त्यांना तिथवर चालत जाता आलं तरच भाड्याची बोलणी सुरू करा.