नव्या घराला जुनी खिडकी

गणपतीला पंधरा दिवस उरलेले, मखरांच्या ऑर्डरी डोक्यावर आणि कटिंग मशीनचा पीसी बंद. अशा वेळी कोल्हापुरातल्या एका इंजिनीअरिंगच्या पोराने थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरला हात घातला. एकदा बोर्ड 'मेला' आणि परत जिवंतही झाला. त्याची ही गोष्ट.

निळी स्क्रीन आपल्यातल्या बहुतेकांनी कधी ना कधी पाहिलेली असते. आपण काय करतो? पीसी रिस्टार्ट करतो आणि चहा प्यायला जातो. या मित्राला मात्र ती स्क्रीन सलग चार रात्री दिसत होती. इन्स्टॉलेशनची सीडी सुरू व्हायची, खालची ओळ सरकायची आणि धप्प! बायोस 'पूर्णपणे एसीपीआयला धरून नाही' असा मेसेज आणि शेवटी 'ए५' असलेला एरर कोड.

हा मित्र इलेक्ट्रॉनिक्सच्या थर्ड इयरला आहे. 'नाव छापू नकोस, नाहीतर सगळा हॉस्टेल आपापले लॅपटॉप घेऊन दारात उभा राहील,' ही त्याची अट. त्याच्या वडिलांचं शहराबाहेर छोटं वर्कशॉप आहे. तिथे सीएनसी राउटरवर एमडीएफ आणि लाकूड कापलं जातं. वर्षभर देव्हारे, नेमप्लेट, दारांवरची नक्षी आणि श्रावणापासून मखरं. वर्षाची निम्मी कमाई या दीड महिन्यात होते, असं त्याचे वडील सांगतात.

मशीन ठणठणीत, मेंदू आजारी

राउटरला काही झालं नव्हतं, त्याला चालवणारा पीसी गेला होता. मशीनसोबत आलेलं कंट्रोल कार्ड जुन्या पीसीआय स्लॉटमध्ये बसतं. त्याचा ड्रायव्हर ३२ बिटचा आणि सॉफ्टवेअर चालतं फक्त विंडोज एक्सपीवर. एक्सपी आली २००१ मध्ये, म्हणजे आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या जन्माआधी.

'मग नवीन विंडोज टाक की,' असं मीही म्हणाले. तो हसला. नव्या विंडोजला त्या कार्डाचा ड्रायव्हर नाही. नवं कार्ड घ्यायचं तर नवा कंट्रोलर, नवं वायरिंग आणि मशीन पुन्हा सेट करणं आलं. तेही सीझनच्या तोंडावर. व्हर्च्युअल मशीनचा उपाय इथे कामाचा नाही, कारण कार्ड खऱ्या स्लॉटमध्ये आहे आणि मोटरला सिग्नल अगदी वेळेवर जावे लागतात. जरा उशीर झाला की गणपतीच्या मखराची कमान वाकडी!

आधी त्यांनी जुन्याच पद्धतीचा सेकंडहँड बोर्ड आणून लावला. तो तीन आठवडे चालला, मग त्याचे कपॅसिटर फुगले. शेवटी एका सीनियरकडे पडून असलेला, इंटेलच्या सहाव्या पिढीचा बोर्ड मिळाला. त्याला पीसीआय स्लॉट होता आणि माउस-कीबोर्डचा जुना गोल पोर्टही. कार्ड बसलं. एक्सपी मात्र बसेना.

नवीन बोर्डाला जुनी विंडोज का चालत नाही?

पीसीचं बटण दाबल्यावर सगळ्यात आधी विंडोज जागी होत नाही. आधी जागं होतं ते बोर्डावरच्या एका छोट्या चिपमधलं फर्मवेअर. ते रॅम, डिस्क, कीबोर्ड तपासतं आणि मग ऑपरेटिंग सिस्टिमच्या हातात कारभार देतं. १९८१ च्या आयबीएम पीसीपासून या फर्मवेअरला आपण बायोस म्हणत आलो. पुढे इंटेलने नव्या पद्धतीचं फर्मवेअर आणलं आणि २००५ मध्ये त्यासाठी वेगवेगळ्या कंपन्यांचा फोरम तयार झाला. तेच यूईएफआय. सवयीने आपण अजूनही त्याला बायोसच म्हणतो.

एक्सपीच्या नेहमीच्या ३२ बिट आवृत्तीला यूईएफआयमधून सुरू होता येत नाही. म्हणून बरीच वर्षं कंपन्या बोर्डात सीएसएम नावाचा भाग देत होत्या. त्याचं काम दुभाष्याचं. आत सगळं नवं, पण जुन्या विंडोजला वाटतं आपण ओळखीच्या बायोसशीच बोलतोय. २०१७ मध्ये इंटेलने जाहीर केलं की २०२० पर्यंत हा दुभाष्या काढून टाकणार. त्यामुळे अलीकडच्या कित्येक बोर्डांवर जुन्या विंडोजला पहिलं दारच उघडत नाही. या मित्राच्या बोर्डात सीएसएम होता, हे त्याचं नशीब.

पण दार उघडलं म्हणजे घरात शिरता येतं असं नाही. पुढे तीन अडथळे होते.

पहिला डिस्कचा. एक्सपीच्या सीडीत साटा डिस्कच्या एएचसीआय मोडचे ड्रायव्हर नाहीत. ते सीडीत आधीच मिसळून नवी सीडी बनवावी लागते. दुसरा यूएसबीचा. एक्सपीला यूएसबी ३ कळत नाही, त्यामुळे कीबोर्ड लावला तरी तो मुका. इथे गोल पोर्ट कामाला आला. माळ्यावरचा पिवळा पडलेला कीबोर्ड वडिलांनी स्वतः पुसून दिला.

तिसरा अडथळा एसीपीआयचा, आणि खरी मारामारी तिथेच. बोर्डावर काय काय आहे, वीज कशी वाटायची, कोणाला कधी झोपवायचं याची माहिती फर्मवेअर काही तक्त्यांमध्ये लिहून ऑपरेटिंग सिस्टिमला देतं. त्यातल्या मुख्य तक्त्याला डीएसडीटी म्हणतात. एसीपीआयचे नियम पहिल्यांदा १९९६ मध्ये आले आणि नंतर वाढतच गेले. एक्सपीला माहीत आहेत ते जुने नियम. नव्या बोर्डाच्या तक्त्यात नव्या पद्धतीची वाक्यं असतात. एक्सपी तो वाचायला घेते, मध्येच अडखळते आणि निळी स्क्रीन दाखवून मोकळी होते.

चिपला चिमटा

यावर दोन उपाय असतात. विंडोजची एसीपीआय हाताळणारी फाइल बदलायची किंवा बोर्डाचा तक्ता बदलायचा. पहिला त्याने करून पाहिला. एक्सपी सुरू झाली, पण मशीन चालू असताना मध्येच गोठायची. फिरतं ब्लेड आणि गोठलेला पीसी ही जोडी धोक्याची. मग त्याने दुसरा मार्ग धरला.

फर्मवेअर असतं आठ पायांच्या, नखाएवढ्या चिपमध्ये. ती ८ किंवा १६ एमबीची असते. आपल्या एखाद्या रीलपेक्षाही लहान! बोर्ड बनवणाऱ्या कंपनीचं अपडेट टूल बदललेली फाइल घेत नाही, कारण ते आधी सही तपासतं. म्हणून त्याने सीएच३४१ए नावाचा प्रोग्रॅमर मागवला. काही शे रुपयांना मिळतो. त्याला एक क्लिप येते. ती चिपला वरून चिमट्यासारखी लावायची आणि लॅपटॉपवर चिपमधलं सगळं वाचून घ्यायचं.

'सगळ्यात महत्त्वाचं काम हेच,' तो सांगतो. 'दोनदा वाचायचं आणि दोन्ही फाइल तंतोतंत जुळतात का बघायचं. नाही जुळल्या तर क्लिप नीट बसलेली नाही.' ही मूळ प्रत जपायची, कारण तुमच्या बोर्डाचा सीरियल नंबर, नेटवर्कचा मॅक ॲड्रेस अशा गोष्टीही बहुतेकदा याच चिपमध्ये असतात. वेबसाइटवरून घेतलेल्या कोऱ्या फाइलमध्ये त्या नसतात.

मग फाइल यूईएफआय टूल नावाच्या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडायची. आत शेकडो छोटे भाग एकात एक बसवलेले दिसतात. त्यातून डीएसडीटी काढायचा, इंटेलच्याच मोफत एसीपीआय कंपायलरने वाचता येईल अशा रूपात आणायचा, एक्सपीला न झेपणारी वाक्यं जुन्या पद्धतीने लिहायची, पुन्हा कंपाइल करून जागेवर बसवायचं. ऐकायला चार पायऱ्या. त्याला तीन दिवस लागले.

'बोर्डच मारलास व्हय रं?'

तिसऱ्या रात्री दोन वाजता त्याने बदललेली फाइल चिपमध्ये लिहिली. लिहून झाल्यावर प्रोग्रॅममध्ये 'व्हेरिफाय' असा पर्याय असतो. झोप अनावर झाली होती, त्याने तो दाबला नाही. बटण दाबलं तर पंखा फिरला आणि स्क्रीन काळी. बीपसुद्धा नाही. अशा बोर्डाला 'ब्रिक' झाला म्हणतात. विटेएवढाच त्याचा उपयोग.

सकाळी वडील आले. 'रातभर जागून बोर्डच मारलास व्हय रं?' एवढंच म्हणाले आणि ऑर्डरींची वही उघडून फोन करायला बसले. कोणाला पुढची तारीख देता येईल, कोणाचा ॲडव्हान्स परत करावा लागेल. 'शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं,' तो म्हणतो. 'ते फोनवर लोकांना सॉरी म्हणत होते आणि मी तिथंच बसलेलो.'

चूक साधी निघाली. लिहिताना क्लिप किंचित हलली होती आणि अर्धीच फाइल नीट गेली होती. मूळ प्रत हाताशी होती. त्याने बोर्डाची वीज काढली, बॅटरी काढली, क्लिप परत लावली, आधी मूळ प्रत लिहिली, व्हेरिफाय केली. बोर्ड जिवंत! मग बदललेली फाइल, तीही व्हेरिफाय करून. जुन्या पीसीतलं ग्राफिक्स कार्ड लावलं, कारण नव्या बोर्डाच्या ग्राफिक्सचे एक्सपीसाठी ड्रायव्हर नाहीत. दुपारी हिरवी टेकडी आणि निळं आकाश दिसलं. संध्याकाळी मशीनवर टाकाऊ एमडीएफचा तुकडा लावून एक मोर कापला. तो मोर अजून वर्कशॉपच्या दारावर आहे.

त्या सीझनला दोन ऑर्डरी गेल्या. बाकी सगळ्या वेळेत पोहोचल्या.

कुलूप का असतं?

हे ऐकून वाटतं की कंपन्या मुद्दाम अडवतात. काही अंशी खरंही आहे. पण दुसरी बाजूही बघायला हवी. १९९८ मध्ये सीआयएच नावाचा व्हायरस आला. २६ एप्रिल १९९९ ला तो जगभर एकदम भडकला. डिस्कवरचा डेटा तर त्याने पुसलाच, शिवाय अनेक पीसींची बायोस चिपही खराब केली. त्या काळी चिपला कुलूप नव्हतं. २०१८ मध्ये लोजॅक्स नावाचं मालवेअर सापडलं, ते थेट फर्मवेअरमध्ये घर करायचं. विंडोज पुसा, डिस्क बदला, ते तिथेच. म्हणून सह्या आणि तपासण्या आल्या. इंटेलच्या २०१३ पासूनच्या प्रोसेसरांमध्ये बूट गार्ड नावाची सोय आहे. कंपनीने ती सुरू करून 'फ्यूज' केली असेल, तर ज्या भागावर तिचा पहारा आहे तो बदलला की मशीन सुरूच होत नाही. लॅपटॉपमध्ये हे बऱ्याचदा आढळतं.

याउलट फर्मवेअर मोकळं असावं म्हणणारेही आहेत. अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेत रॉन मिनिक यांनी १९९९ मध्ये लिनक्सबायोस सुरू केलं. आज त्याचं नाव कोअरबूट, आणि क्रोमबुक त्यावरच चालतात. म्हणजे फर्मवेअर उघडं ठेवूनही सुरक्षित राखता येतं.

हा प्रश्न फक्त वर्कशॉपचा नाही. आपल्या कॉलेजच्या लॅबमध्ये एखाद्या मोठ्या मशीनशेजारी जुनाट पीसी दिसतो, 'हात लावू नये' अशी चिठ्ठी लावलेला. त्यामागे बहुतेकदा हेच कारण असतं. मशीन वीस वर्षं टिकतं, त्याचं सॉफ्टवेअर दहा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ च्या अटीत न बसणारे चांगले चालते लॅपटॉप हॉस्टेलच्या खोल्याखोल्यांत आहेत. भारत सरकारने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं, त्यात इलेक्ट्रॉनिक्सही आहे. दुरुस्तीची माहिती मिळणं हा ग्राहकाचा हक्क, ही कल्पना आता सरकारी कागदावर आली आहे. ती बोर्डावरच्या चिपपर्यंत पोहोचायला वेळ लागेल.

हात शिवशिवत असतील तर...

* घरातल्या एकुलत्या एक पीसीवर प्रयोग नको. भंगारातल्या बोर्डावर शिका.
* मूळ फाइल दोनदा वाचा, जुळवा, दोन ठिकाणी ठेवा.
* चिपचा व्होल्टेज बघा. काही ३.३ व्होल्टच्या असतात, काही १.८ च्या. काही स्वस्त प्रोग्रॅमर डेटाच्या पायांवर ५ व्होल्ट देतात, ते चिपला मारू शकतात.
* कोणीतरी बदलून दिलेली तयार फाइल डोळे झाकून टाकू नका. आत काय आहे कोण सांगणार?
* वॉरंटी गेली असं धरूनच चाला.
* जुनी विंडोज नेटला जोडू नका. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ लाच संपला आहे.

शेवटचा नियम तो स्वतः काटेकोर पाळतो. वर्कशॉपच्या पीसीला नेटची केबलच नाही. डिझाइन पेनड्राइव्हवर येतं, आधी लॅपटॉपवर स्कॅन होतं, मग मशीनकडे जातं. टेबलाच्या खणात एका पाकिटात दुसरा पेनड्राइव्ह आहे, त्यात चिपची मूळ प्रत. पाकिटावर वडिलांच्या अक्षरात लिहिलंय : 'मशीनचा जीव. काढू नये.'