शकाच्या आधीचे साल

धाराशिव जिल्ह्यातले तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात इथले कापड भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. सातवाहनांच्या या मुलखात तेव्हा साल सांगायचे ते राजाच्या कारकिर्दीचे. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या एका लेखाचा काळ असा कोरला आहे: वर्ष 18, पावसाळ्याचा पक्ष 2, दिवस 1. महिन्याचे नाव नाही. वर्षाचे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष, अशी ती मोजणी होती.

राजा गेला की आकडा पुन्हा एकावर येई. त्यामुळे कोणी किती वर्षे राज्य केले हे ठाऊक असल्याशिवाय दोन लेखांमधले अंतर काढता येत नाही. पुराणांतल्या राजावळ्या एकमेकींशी जुळत नाहीत, म्हणून सातवाहनांचा कालक्रम आजही वादाचा आहे. तगरचा माल जिथवर पोचे त्या रोमन जगातही अडचण हीच होती. तिथे वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावे देत. ग्रीक इतिहासकार इ.स.पू. 776 पासूनची चार-चार वर्षांची ऑलिंपियाडे मोजत.

यातून वाट निघाली ती साध्या गोष्टीने: राजा वारला तरी मोजणी थांबवायची नाही. पश्चिम आशियात सेल्युकस राजाच्या मुलाने बापाचीच वर्षे पुढे चालवली. इ.स. 78 पासूनचा शकही असाच टिकला. पश्चिमेकडचे क्षत्रप पिढ्यान्‌पिढ्या तोच आकडा वाढवत राहिले. बदामीला पहिल्या पुलकेशीच्या लेखात शकवर्ष 465, म्हणजे इ.स. 543, स्पष्ट दिले आहे. ‘शालिवाहन’ हे नाव शकाला कितीतरी शतकांनी चिकटले. ज्या सातवाहनांची आठवण त्या नावात आहे, त्यांनी स्वतः हा शक कधी वापरला नाही, हे विसरता कामा नये.

धाराशिव जिल्ह्यातल्याच उमरग्याच्या पूर्वेला, आजच्या कर्नाटकात, बसवकल्याण आहे. तिथल्या सहाव्या विक्रमादित्याने 1076 मध्ये शक बाजूला सारून स्वतःचा चालुक्य विक्रम संवत सुरू केला. त्याच्या मृत्यूनंतर तो हळूहळू मागे पडला आणि शक पुन्हा रूढ झाला. पुढे निजामाच्या राज्यात याच जिल्ह्याच्या महसुली कागदांवर फसली साल आले. त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो, वर्षारंभ वेगळा असल्याने काही महिन्यांपुरते 591. हैदराबादचा जमीन महसूल कायदा 1317 फसलीचा, म्हणजे 1907 चा.