फळ्याची सपाटी आणि घरगुती राउटर-स्लेड : काही गैरसमज

नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी, अक्कलकुवा आणि नवापूर या तालुक्यांच्या डोंगराळ भागात साग, ऐन, धावडा आणि शिसव यांची मिश्र पानझडी वने आहेत, तर तापीच्या खोऱ्यातील शेतांच्या बांधांवर आंबा, चिंच आणि शिरीष यांची जुनी, जाड बुंध्याची झाडे आढळतात. वादळात पडलेल्या किंवा वाळलेल्या अशा झाडाचा बुंधा आरा गिरणीत उभा चिरला की दोन ते तीन फूट रुंदीचे जाड फळे मिळतात आणि त्यांपासून बैठकीचे मेज किंवा दुकानाचा काउंटर एकसंध लाकडात करता येतो. मात्र असा फळा वाळताना वाकतो, त्याला पीळ पडतो, आणि बहुतेक लहान रंधा मशीनमध्ये फूट-सव्वाफुटापेक्षा रुंद लाकूड जात नाही. ही अडचण घरच्या घरी बनवलेल्या राउटर-स्लेडने सुटू शकते. परंतु या साधनाविषयी जे समज रूढ आहेत, त्यांतील बरेचसे चुकीच्या जागी भर देणारे आहेत.

स्लेडची रचना साधी असते. फळ्याच्या दोन्ही बाजूंना लांबीच्या दिशेने दोन सरळ रूळ बसवले जातात. त्या रुळांवर आडवा टेकणारा आणि पुढेमागे सरकणारा, तळाला खाच असलेला पन्हाळीसारखा सांगाडा म्हणजे स्लेड. आणि त्या पन्हाळीत राउटर, म्हणजे अतिवेगाने फिरणारे पाते उभे धरणारे विजेचे हत्यार, फळ्याच्या रुंदीच्या दिशेने फिरवले जाते. पात्याची खोली एकदा ठरली की ते रुळांपासून ठरावीक अंतरावरच कापत राहते. याचाच अर्थ असा की राउटरला सपाटी कळत नाही; रुळांची जी पातळी असेल तिची प्रत तो लाकडावर उतरवतो. स्लेडविषयीचे बहुतेक गैरसमज ही एक गोष्ट नजरेआड झाल्यामुळे निर्माण झालेले आहेत.

त्यांतील पहिला समज असा की ज्या मेजावर काम करायचे ते पाणसळ लावून जमिनीला समांतर केले की काम झाले. वस्तुतः सबंध मेज एका बाजूला उतरते असले तरी फळ्याच्या सपाटीवर त्याचा परिणाम होत नाही. आवश्यक असते ते एवढेच की दोन्ही रूळ सरळ असावेत आणि एकाच पातळीत असावेत. एका रुळाचे एक टोक दोन मिलिमीटर वर राहिले, तर बुडबुडा मधोमध दिसत असूनही फळ्यात पीळ उतरतो. याची खात्री करण्यासाठी चार टोकांवरून कर्णाच्या दिशेने दोन ताणलेल्या दोऱ्या बांधाव्यात. मध्यावर त्या एकमेकींना जेमतेम स्पर्श करत असतील तर रूळ एका पातळीत आहेत. मात्र वरची दोरी खालच्या दोरीवर रेलून वाकलेली असेल तर ही कसोटी फसवते, म्हणून दोऱ्यांची वर-खाली अदलाबदल करून ती पुन्हा घ्यावी लागते. दुसरी पद्धत सुतारकामात जुनीच आहे : दोन तंतोतंत सरळ पट्ट्या दोन टोकांना आडव्या ठेवून एकीच्या कडेवरून दुसरीकडे पाहिले असता त्यांच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

स्लेडसाठी कोणतेही प्लायवूड चालते, हा समजही याच जातीचा आहे. राउटरचे वजन आणि त्यावरचा हाताचा दाब मिळून स्लेड मध्यभागी झुकतो, तेथे पाते अधिक खोल जाते आणि फळा मधोमध खोलगट होतो. आधारांमधील अंतर दुप्पट झाले की झुकाव आठपट होतो. उलट, बाजूच्या पट्टीची उभी उंची दुप्पट केली की झुकाव एक-अष्टमांश उरतो. म्हणून तळाचे प्लायवूड जाड करण्यापेक्षा दोन्ही बाजूंना उभ्या धारेवर लाकडाच्या पट्ट्या किंवा लोखंडी अँगल जोडणे अधिक परिणामकारक ठरते. यासाठी महागड्या सामग्रीची गरज नसते. गरज असते ती सरळ पट्टी निवडण्याची.

सर्वांत घातक समज मात्र यंत्राविषयीचा नसून लाकडाविषयीचा आहे. 'झाड दोन वर्षांपूर्वी पडले होते, तेव्हा लाकूड वाळलेलेच आहे' असे मानले जाते. परंतु सालीसकट पडून राहिलेला ओंडका आतून फार सावकाश वाळतो, आणि वाळण्याची खरी सुरुवात तो चिरल्यानंतर होते. 'एक इंच जाडीला एक वर्ष' हा ठोकताळाही सर्वत्र लागू पडत नाही, कारण जाडी दुप्पट झाली की वाळण्याचा काळ दुपटीहून अधिक वाढतो, शिवाय लाकडाची जात आणि हवा यांनुसार तो बदलतो. खानदेशातील उन्हाळ्यात तापमान 40 अंशांच्या वर जाते आणि हवा कोरडी असते. अशा वेळी उघड्यावर ठेवलेल्या ताज्या फळ्याचा पृष्ठभाग व टोके आतील भागापेक्षा फार लवकर आक्रसतात आणि तडे जातात. त्यामुळे टोकांना मेण किंवा जाड रंग लावून, फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या एकाखाली एक येतील अशा घालून, सावलीत हवेशीर थप्पी रचावी लागते.

फळा एकदा सपाट झाला की सपाटच राहतो, असेही नाही. लाकूड हवेतील आर्द्रतेनुसार पाणी घेते आणि सोडते. लांबीच्या दिशेने ते जवळजवळ हलत नाही. परंतु वार्षिक वर्तुळांना स्पर्शून जाणाऱ्या दिशेने त्याचे आकुंचन सर्वाधिक असते, तर गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने त्याच्या सुमारे निम्मे असते. साग या बाबतीत शांत मानला जातो, तरीही ओल्या अवस्थेपासून पूर्ण शुष्क होईपर्यंत तो पहिल्या दिशेत सुमारे 5.8 टक्के आणि दुसऱ्या दिशेत सुमारे 2.5 टक्के आक्रसतो. हे आकुंचन पाण्याचे प्रमाण साधारण 30 टक्क्यांच्या खाली आल्यावर सुरू होते. म्हणजे पाणी एका टक्क्याने बदलले की रुंदी सुमारे 0.19 टक्क्याने बदलते. 600 मिलिमीटर रुंद, सपाट चिरीचा फळा मे महिन्यात तयार केला आणि पावसाळ्यात त्यातील पाणी 5 टक्क्यांनी वाढले, तर तो रुंदीला जवळजवळ 6 मिलिमीटर फुगेल. या दोन दिशांतील फरकामुळेच फळा खोलगट किंवा फुगीर होतो. मेजाच्या पायांना तो घट्ट स्क्रूने जखडला तर अखेरीस लाकूडच फाटते. स्क्रूची भोके लंबगोल ठेवणे हा त्यावरचा उपाय आहे. भारतीय मानक आयएस 287 मध्ये देशाचे आर्द्रतेनुसार चार विभाग करून वेगवेगळ्या कामांसाठी लाकडातील पाण्याची कमाल मर्यादा ठरवली आहे, ती याच कारणासाठी.

मॉइश्चर मीटर नसेल तर वजनकाटा उपयोगी पडतो. 2 मीटर लांब, 600 मिलिमीटर रुंद आणि 60 मिलिमीटर जाड असा सागाचा वाळलेला फळा सुमारे 45 ते 50 किलो भरतो, त्यामुळे तो धान्य किंवा कापूस तोलण्याच्या काट्यावर सहज तोलता येतो. कोरड्या ऋतूत काही आठवड्यांच्या अंतराने केलेल्या तोलांत वजन घटत असेल, तर फळा अजून वाळत आहे आणि त्याला स्लेडखाली घेण्याची वेळ आलेली नाही.

वाळलेला फळाही मेजावर क्लॅम्पने दाबून 'सरळ' करू नये. दाबाखाली त्याचा वाक तात्पुरता नाहीसा होतो, राउटर त्या खोट्या अवस्थेवर फिरतो आणि क्लॅम्प सोडताच फळा मूळ वाकाकडे परततो. योग्य रीत अशी की फळा त्याच्या नैसर्गिक अवस्थेत ठेवून जेथे जेथे तो अधांतरी राहतो तेथे पाचरी सरकवाव्यात, आणि बाजूंना ठोकळे लावून तो केवळ सरकणार नाही एवढे पाहावे. पहिली बाजू सपाट झाल्यावर फळा उलटून तीच बाजू आधाराला घ्यावी. दोन्ही बाजूंनी शक्य तितके सारखे लाकूड काढणेही महत्त्वाचे आहे; एकाच बाजूने जास्त छिलल्यास आतला तुलनेने ओलसर थर उघडा पडतो आणि फळा पुन्हा वाकतो.

वेगाबाबतची समजूत तर अपघाताला आमंत्रण देते. पाते जितके मोठे आणि फेरे जितके जास्त, तितके काम लवकर, असे मानले जाते. मिनिटाला 24,000 फेऱ्यांवर 50 मिलिमीटर व्यासाच्या पात्याची धार ताशी सुमारे 226 किलोमीटर वेगाने फिरते. हा वेग एवढ्या मोठ्या पात्यासाठी नसतो. फेरे 10,000 ते 12,000 पर्यंत उतरवावेत, जाड दांड्याचे पाते वापरावे आणि एका वेळी दोन-तीन मिलिमीटरपेक्षा अधिक लाकूड काढू नये. वरून पाहिले असता पाते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते, म्हणून राउटर पुढे नेताना न कापलेले लाकूड त्याच्या डाव्या अंगाला असावे. ते उजव्या अंगाला आले की पाते लाकडाला पकडून राउटर हातातून पुढे ओढते. 1,800 वॅटचा राउटर सुमारे 8 अँपिअर वीज घेतो, त्यामुळे दिव्याच्या 6 अँपिअरच्या प्लगमधून आणि बारीक, लांब वायरीवरून तो चालवणे धोक्याचे असते.

स्लेडमुळे हातरंध्याची गरज संपते, हेही खरे नाही. प्रत्येक फेरीच्या कडेला केसभर उंचीची रेघ राहते आणि ती रेशांना आडवी असल्याने पॉलिश लावताच ठळक दिसते. शेवटची फेरी अर्ध्या मिलिमीटरची घेऊन, मग धारदार रंध्याने रेशांच्या दिशेने त्या रेघा काढून, 80, 120 आणि 180 क्रमांकाच्या सँडपेपरने फळा घासावा लागतो. वाकसाने खडबडीतपणा काढून रंधा आधी आडवा, मग उभा मारणारा सुतार हाच क्रम पाळत आला आहे. त्यातील श्रमाचा मोठा वाटा स्लेड उचलतो.

लाकूड स्वतःच्या बांधावरचे आहे म्हणजे परवानगी नको, हाही समज सोडून द्यावा लागतो, कारण सागासारख्या अनेक प्रजातींच्या तोडीवर 1964 च्या महाराष्ट्र वृक्षतोड नियमन कायद्याचे बंधन आहे आणि वाहतुकीसाठी वन विभागाचा परवाना लागू शकतो. चिरण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात चौकशी करणे हिताचे असते. आणि उडणारा भुसा नैसर्गिक म्हणून निरुपद्रवी असतो, असे समजून तोंडाला नुसता रुमाल बांधणे पुरेसे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1995 मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश मानवात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात केला. सागाच्या धुळीने अनेकांच्या त्वचेला खाज आणि पुरळही येते, आणि रुमालाच्या विणीतून बारीक कण सहज आत जातात. त्यामुळे चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 दर्जाचा मास्क, डोळ्यांना चष्मा आणि कानांना संरक्षक घालूनच, शक्यतो उघड्या जागेत, वाऱ्याकडे पाठ न करता बाजूने उभे राहून हे काम करावे.