दिसला नाही, म्हणजे मेला का?

आपल्याकडे मोठ्या दुकानांत ‘इंडियन सामन’ अशी पाटी लावून जो विकतात तो आपला रावस. चवीला उत्तम, पण खऱ्या सामनशी त्याचं काही नातं नाही. पॅसिफिकचा खरा सामन गार पाण्याचा. जन्म डोंगरातल्या ओढ्यात, वाढ समुद्रात आणि अंडी घालून मरण पुन्हा त्याच ओढ्यात, अशी त्याची रीत. अमेरिकेच्या वायव्येला, आयडाहोच्या डोंगरांत जन्मलेलं चिनूक जातीचं पिल्लू स्नेक नदीतून कोलंबिया नदीत आणि तिथून समुद्रात उतरतं. वाटेत आठ धरणं. त्याला पहिलं लागतं लोअर ग्रॅनाइट, १९७५चं. शेवटचं बॉनव्हिल, १९३८चं. पिल्लं वाटेत मरतात हे सगळ्यांना मान्य आहे. भांडण आहे ते कुठे, किती आणि कशापायी यावर. स्नेक नदीवरची खालची चार धरणं ठेवायची की फोडायची, हा कित्येक वर्षांचा वाद या हिशेबावर अडलेला आहे.

हा हिशेब ज्या वस्तूवर चालतो ती शिजलेल्या बासमतीच्या दाण्याएवढी असते. साधारण १२ मिलिमीटर लांबीची काचेची नळी, वजन एक दशांश ग्रॅम. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि एक चिप. बॅटरी नाही. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगलाही बॅटरी नसते. नाक्यावरच्या अँटेनाच्या लहरींतून त्याला क्षणभर ऊर्जा मिळते आणि तेवढ्यात तो आपला नंबर सांगून मोकळा होतो. सामनचा टॅग याच कुळातला. फरक इतकाच की फास्टॅगच्या लहरी पाण्यात लगेच विरतात, म्हणून इथे कितीतरी कमी वारंवारतेच्या लहरी वापरतात. बॅटरी नाही म्हणजे संपणार काहीच नाही. पिल्लाला टोचलेला टॅग दोन-तीन वर्षं समुद्रात फिरून परतलेल्या माशाच्या पोटातही तोच नंबर बोलतो.

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे टॅग कोलंबियात आले. त्याआधी पिल्लाच्या नाकाडात मिलिमीटरभर लांबीची कोरीव खुणांची तार टोचत, आणि आजही पुष्कळ ठिकाणी टोचतात. ती वाचायची तर मासा मारून, डोकं कापून, तार सूक्ष्मदर्शकाखाली धरायची. पत्ता वाचण्यासाठी पोस्टमनलाच फाडण्यातला प्रकार. शिवाय एक मासा एकदाच वाचता येतो. प्रवास कळायचा असेल तर तोच जीव पुन्हा पुन्हा दिसायला हवा.

टोचण्याचं काम पाहायला फारसं काही नाही, पण हात बसलेला लागतो. पिल्लं भूल मिसळलेल्या पाण्यात सोडतात. ती कलंडली की एकेक उचलून ओल्या मोजपट्टीवर ठेवायचं, लांबी घ्यायची, छातीच्या पराच्या थोडं मागे, पोटाच्या मध्यरेषेच्या जरा बाजूला सुई टेकवायची आणि दट्ट्या दाबायचा. टाका नाही, पट्टी नाही. बोटभर लांबीच्या पिल्लाचं हे छिद्र आपोआप बुजतं. मग स्वच्छ पाण्याच्या बादलीत ते शुद्धीवर येतं. फारच लहान पिल्लांना टोचत नाहीत. तेवढा दाणाही त्यांना जड होतो.

आता नाके. धरण ओलांडायला पिल्लापुढे ढोबळमानाने तीन वाटा असतात: सांडव्यावरून खाली, टर्बाइनमधून, नाहीतर टर्बाइनच्या तोंडाशी लावलेल्या जाळीला थटून वर आणि तिथून पाइपच्या बायपासने. टॅग वाचायला अँटेना जवळ लागतो, त्यामुळे बायपासच्या पाइपाभोवती अँटेनाचं कडं बसवणं सोपं. सांडव्यावरून धबधब्यासारखं कोसळणारं पिल्लू मात्र बहुतेक वेळा कुठल्याच नोंदीत न येता पुढे निघून जातं. म्हणून एखाद्या नाक्यावर १००० पैकी ३०० नंबर वाचले गेले, तर उरलेली ७०० मेली की न दिसता गेली, हा प्रश्न उरतोच.

याची तोड संख्याशास्त्रात आहे. कॉरमॅक, जॉली आणि सेबर या तिघांनी १९६४-६५च्या सुमारास ती वेगवेगळी मांडली. सूत्रांत न शिरता पाहू. आकडे मी सोयीसाठी घेतलेत. समजा वरून १००० पिल्लं सोडली. पहिल्या नाक्यावर ३०० दिसली. त्याच्या खाली, पुढच्या कुठल्या ना कुठल्या नाक्यावर २०० दिसली. आता या २००ची यादी काढा. पहिला नाका ती जिवंत ओलांडून आलीत, यात शंकाच नाही. त्यांतली किती तिथे वाचली गेली होती? समजा ८०. म्हणजे जिवंत जाणाऱ्या शंभरातली ४०च पहिल्या नाक्याला दिसतात. मग तिथे दिसलेली ३०० ही एकूण जिवंतांच्या ४० टक्के झाली. एकूण जिवंत ७५०. वाटेत गेली २५०.

नाक्याची नजर किती अधू आहे हे त्याच्या पुढचा नाका सांगतो. मला यातली गंमत वाटते ती ही, की न दिसलेल्यांची मोजदाद होते, पण दिसलेल्यांच्या भरवशावर.

यातली मेख मात्र लक्षात ठेवायला हवी. पहिल्या नाक्यावर दिसलेली आणि न दिसलेली पिल्लं पुढे सारख्याच प्रमाणात जगतात, असं इथे गृहीत धरलेलं आहे. बायपासमधून गेलेली पिल्लं मुळातच अशक्त असतील, किंवा त्या पाइपांनी त्यांना दमवलं असेल आणि ती नंतर समुद्रात मरत असतील, तर गणित कलतं. धरणाने केलेली इजा धरणापाशीच दिसेल असं थोडंच आहे? या मुद्द्यावर त्या खोऱ्यातले शास्त्रज्ञ वर्षानुवर्षं एकमेकांचे आकडे खोडत आलेत.

दुसरी अडचण शेवटच्या नाक्याची. बॉनव्हिलच्या नजरेची परीक्षा घ्यायला त्याच्या खाली धरणच नाही. म्हणून समुद्राच्या अलीकडे, नदी रुंदावते तिथे, दोन बोटींमध्ये एक मोठं ट्रॉल जाळं ओढतात. त्याला बूड नसतं. बुडाच्या जागी अँटेना असतो. पिल्लं त्यातून पार निघून जातात, नंबर तेवढे मागे राहतात. कोकणातल्या कुणा तांडेलाला दाखवलं तर तो कपाळावर हात मारेल.

त्याहूनही खालची नोंद पक्षी करतात, न सांगता. मुखाजवळच्या बेटांवर कॅस्पियन सुरय आणि पाणकावळे हजारोंनी घरटी करत. टॅगसकट पिल्लू गिळतात. मासा पचतो, काच पचत नाही. विष्ठेतून किंवा ओकारीतून ती बेटावर पडते. वीण संपून पक्षी उडाले की माणसं सपाट अँटेना घेऊन वाळू विंचरतात. इथेही नजर अधू असतेच. दोन टॅग शेजारी पडले तर एकमेकांचा आवाज दाबतात. म्हणून हंगामात मुद्दाम ओळखीचे टॅग वाळूत पेरून ठेवायचे आणि नंतर त्यांतले किती सापडले ते पाहायचं.

या नंबरांतून पक्ष्यांची भूक पुढे आली. राइस बेटावरच्या सुरयांच्या खाण्यात सामन कुळातली पिल्लं तीन चतुर्थांशाच्या घरात होती. १९९९पासून ही वसाहत समुद्राच्या अधिक जवळच्या ईस्ट सँड बेटावर हलवली. तिथे हेरिंग, अँचोव्ही असे समुद्री मासे हाताशी असल्याने पिल्लांचा वाटा निम्म्याच्या खाली आला. जागा बदलल्याबरोबर जेवण बदललं.

वर जाणाऱ्या मोठ्या माशाचं मोजणं त्या मानाने सोपं. धरणाच्या बाजूच्या मासेशिडीतून तो चढतो, तिथल्या अरुंद फटींतून गेल्याशिवाय गत्यंतर नसतं, आणि क्वचितच कुणी न वाचता सुटतो. लोअर ग्रॅनाइटवरून खाली गेलेल्या शंभर पिल्लांमागे २ ते ६ मोठे मासे तिथे परतावेत, असं त्या प्रदेशाच्या वीज आणि मत्स्य नियोजन मंडळाचं उद्दिष्ट आहे. आयडाहोच्या रानटी चिनूकला बहुतेक वर्षी २चा आकडाही गाठता येत नाही. धरणं टाळण्यासाठी पिल्लं बार्जमध्ये भरून खाली नेण्याचा उद्योगही १९७०च्या दशकापासून चालू आहे. टॅगांनी त्याबद्दल एक चुगली केली: बार्जमधून गेलेली पिल्लं मोठी होऊन परतताना घरची वाट जास्त चुकतात.

पाणकावळ्यांचं प्रकरण मात्र हाताबाहेर गेलं. ईस्ट सँड बेटावरची त्यांची संख्या कमी करायला २०१५पासून पक्ष्यांना गोळ्या घातल्या, अंड्यांना तेल लावलं. २०१६च्या मे महिन्यात वसाहतच्या वसाहत उठली. पुढे त्यांतल्या बऱ्याच पक्ष्यांनी नदीच्या वरच्या अंगाला अ‍ॅस्टोरिया-मेग्लर पुलाचा आसरा घेतला. तिथे समुद्री मासे कमी, म्हणजे एकेका पक्ष्याच्या पोटात सामनची पिल्लं जास्त. किती जास्त, हे टॅगांवरून सांगणं कठीण झालं आहे. बेटावरच्या घरट्यातला टॅग वाळूत पडायचा. पुलावरच्या घरट्यातला सरळ नदीत पडतो.